भलत्या डबीतली सीडी

तिसऱ्या डबीतही भलतीच सीडी निघाली, तेव्हा इल्दाने कपाळाला हात लावला.

"बघा मास्तर, स्वतः गेला सुटून, आणि पसारा आवरायला मी."

तिच्या नवऱ्याला, ओस्मारला, जाऊन चार महिने झाले होते. मोंतेविदेओ शहराच्या पाणी खात्यात तो पस्तीस वर्षं मीटर वाचत हिंडला आणि उरलेल्या वेळात त्याने टँगो ऐकला. आता घर रिकामं करून इल्दा मुलीकडे, फाबियानाकडे, राहायला निघाली होती. तिथल्या खोलीत पलंग आणि कपाट मावत होतं, तीनशे सीड्या मावत नव्हत्या. म्हणून सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून सीड्या वृद्धांच्या क्लबाला द्यायचं ठरलं. फाबियानाच्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नव्हती. वरून जोडायचं यंत्र माझ्याकडे होतं, म्हणून शेजारचा मी त्यात ओढला गेलो. खरं तर वीस वर्षं भिंतीपलीकडून ते टँगो ऐकून माझे कान किटले होते.

काम सोपं होतं. सीडी घातली की लॅपटॉप गाण्यांची नावं आपणच लिहायचा आणि पाच मिनिटांत सगळं उतरवून घ्यायचा. एक प्रत त्याच्यात, दुसरी खिशात मावेल अशा डिस्कवर; एक बिघडली तर दुसरी असावी. घोडं अडलं ते डब्यांपाशी. दुसऱ्याला द्यायचं तर ज्या डबीची सीडी त्याच डबीत हवी, असा इल्दाचा हट्ट.

बाबा असं का करायचे, असं फाबियानाने विचारलं. आळशीपणा, दुसरं काय, असं इल्दाचं उत्तर. रोज संध्याकाळी तो एकच सीडी ऐकायचा. नवी डबी उघडायची, तिच्यातली सीडी वाजवायच्या मशीनमध्ये घालायची आणि मशीनमधली कालची त्याच डबीत टाकून द्यायची. कालचीची डबी शोधायला उठतंय कोण? दर नव्या वर्षाला इल्दा सगळ्या सीड्या आपापल्या डबीत लावायची आणि हा पुन्हा घोळ घालायचा. यावरून दोघं पंचवीस वर्षं भांडली होती.

माझी मास्तरकी काही जात नाही. मी म्हटलं, मग मशीनमधल्या शेवटच्या सीडीपासून सुरुवात करू. तिच्या डबीत आदल्या दिवशीची सीडी असणार. त्या सीडीच्या डबीत त्याच्याही आदल्या दिवशीची. असं मागे मागे गेलं की गुंता सुटेल.

तसाच सुटत गेला. मी डब्या शोधत होतो, फाबियाना उतरवत होती आणि इल्दा भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस सांगत होती. ओस्मार तीस जूनला रात्री झोपेत गेला. त्या संध्याकाळचा टँगो मशीनमध्येच होता. मग एकोणतीस, अठ्ठावीस. सगळे तेच रडके गायक. एक जूनपर्यंत गाडी सुरळीत आली.

एकतीस मेला नुसता पियानो निघाला. तीसला गिटार, एकोणतीसला पुन्हा पियानो. निवृत्तीच्या वेळी कचेरीने त्याला बारा सीड्यांचा संच दिला होता, त्यातल्या या. एकीतही गाणारा माणूस नाही. ओस्मार त्याला दातांच्या डॉक्टरकडचं संगीत म्हणायचा आणि इतकी वर्षं त्याने एकीचंही वेष्टन फोडलं नव्हतं. आता मात्र अकरा सीड्या ओळीने निघाल्या, थेट एकवीस मेपर्यंत. बारावी सीड्यांच्या कप्प्याच्या तळाशी सापडली. तिचं वेष्टन तसंच होतं.

मी म्हटलं, त्या दिवसांत भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन बिघडलं असेल म्हणून मी खूश होतो. हे बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली.

इल्दाचं बोट एकवीस मेवरच होतं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर त्या दिवशी तिला घरी आणलं होतं. एक जूनला काठी टेकत ती पहिल्यांदा स्वयंपाकघरापर्यंत गेली. मधले अकरा दिवस ती आतल्या खोलीत पडून आणि ओस्मार बाहेर मशीनपाशी.

"मी त्याला बोलले होते," ती म्हणाली. "मी इथं मरणाचं सोसतेय आणि तुला गाणी सुचतायत, काळीज आहे का तुला, असं."

"मग बाबा काय म्हणाले?"

"माझी उशी नीट केली." कॅलेंडरवरचं बोट काढून ती म्हणाली, "पण एका हाकेला यायचा गं. दुसरी हाक कधी मारावी लागली नाही."

लॅपटॉप सगळं अक्षरांच्या क्रमाने लावत होता. दिवसांचा क्रम टिकवायचा तर नावाआधी आकडे घालावे लागतील, असं फाबियानाने सांगितलं. इल्दाने घाल म्हटलं. मग तिने त्या अकरा सीड्या एकेक करून आपापल्या डबीत बसवल्या.

नीट उतरलंय का ते पाहायला फाबियानाने त्यातली एक लावली. इल्दा ओस्मारच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आत जा," ती मुलीला म्हणाली. "पलंगावर आडवी हो आणि मला हाक मार."

"मोठ्यानं?"

"नाही. दुखत असताना मारतात तशी."

फाबियाना गेली. पियानो चालू होता. थोड्या वेळाने आतून बारीक आवाजात "आई" ऐकू आलं, अगदी स्पष्ट.

इल्दा खुर्चीचा हात धरून उठली आणि आत गेली.