बुबूच्या हातचं तेल

मी खाष्ट आहे, हे आमच्या विभागात सगळ्यांना माहीत आहे. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गोडगोड बोलणारी नर्स काय कामाची?

आमच्या बेटांच्या राजधानीत, सुवा शहरातल्या या विभागात तीन बाळांच्या रक्तात एकच जंतू निघाला, आणि तोही इतका निगरगट्ट की नेहमीचं एकही औषध त्याला दाद देईना. सगळ्यात नाजूक आकानिसीची मुलगी. दिवस भरायच्या आधीच आलेली. रडायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

"एकच औषध उरलंय, उनाइसी," डॉक्टर शायल मला म्हणाल्या. "ते सुरू केलंय. पण जंतू येतोय कुठून ते सापडलं नाही, तर ही वाचूनही पुन्हा पडेल."

नळ तपासले, नळ्या तपासल्या, आमचे हात तपासले. काही हाती लागेना.

आकानिसीची आजी कांदावू बेटावरून बोटीने आली होती. तिला सगळे बुबू, म्हणजे आजीच, म्हणत. विभागाच्या दाराबाहेर चटई टाकून ती बसायची. त्या दिवशी मी बाहेर आले तर एक आई हात धुऊन आत निघालेली, तेवढ्यात वळून बुबूपाशी वाकली.

"बुबू, केरेकेरे."

बुबूने तिच्या तळव्यावर नारळाचं तेल ओतलं, बाळाच्या पायांना चोळायला. दुसरीने तर बाटलीतच बोट घातलं. केरेकेरे म्हणून मागितलं की आमच्यात नाही म्हणत नाहीत. म्हणालं, तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बुबू, ती बाटली द्या!"

"का गं? तुझी हाडं काय औषधाने घट्ट झाली?"

म्हातारीशी भांडून मी जिंकणार नव्हते. मी चटईवर बसले, मान खाली घातली. "बुबू, केरेकेरे. बाटली. सगळीच्या सगळी."

बुबू खो खो हसली. "चोरटी कुठली! घे."

तेलात तोच जंतू सापडला. ते ऐकून बुबू ढसाढसा रडली. "मीच मारत होते का गं तिला?"

"तुम्ही माया करत होता," मी म्हणाले. "आता दार सांभाळा."

आणि काय सांभाळलं! बाळाला मांडीवर घ्यायला नातेवाईक भेटीदाखल चटया, कापडं घेऊन आले, तेही बाहेरच थांबले. गावप्रमुख स्वतः आले, तर बुबू म्हणाली, "प्रमुख तुम्ही गावात. इथे आधी कोपरापर्यंत हात धुवा, आणि मग घरी जा."

नवं एकही बाळ आजारी पडलं नाही. आधीची दोघं सावरली. आणि एका सकाळी डॉक्टर शायल बोळातून अक्षरशः धावत आल्या. "उनाइसी, हिचं रक्त स्वच्छ आलं! दोन्ही वेळा!" आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. जिंकलो होतो आम्ही.

मी पोरीच्या हातावरची औषधाच्या सुईची पट्टी सोडवली, तशी तिने असा टाहो फोडला की बाहेरच्या सगळ्या आया टाळ्या पिटायला लागल्या.

आकानिसीने तिला पोटाशी धरलं, मग बुबूच्या ओंजळीत दिलं. बुबूने आमच्या रीतीने तिच्या टाळूला नाक लावून खोल श्वास घेतला.

"औषधाचा वास येतोय," आकानिसी ओशाळून म्हणाली.

"येऊ दे," बुबू म्हणाली, आणि पुन्हा नाक लावलं. "जगलेल्या पोरीचा वास आहे तो."