पाटीवर कमीत कमी लिहिलेलं नसतं

बोट पुढे येत नाहीये.

मागेही जात नाहीये, असं धक्क्यावर उभ्या असलेल्या सुनेला वाटतं. मग वाटतं, जातेय. तळ्याच्या मधोमध दोन पोकळ नळकांड्यांवर तरंगणारा सपाट ओटा, त्यावर निळं कापडी छत, छताखाली सासरे आणि तिची सहा वर्षांची मुलगी. त्यांच्यामागे दगडी बांध. वारा बांधाच्या दिशेने.

"बाबा, मोटर फुल्ल करा!"

"फुल्लच आहे गं. केव्हाची बोंबलतेय बिचारी. सूनबाई, तू घोडे नाही, गाढव जुंपलंयस या बोटी—"

फोन तुटतो.

(गेल्या महिन्यात, दुकानात. बोटीवरच्या पाटीनुसार साठ हॉर्सपॉवरपर्यंतची मोटर चालते. मेकॅनिक म्हणाला, चाळीस घ्या. सासरे म्हणाले, साठ. सून म्हणाली, दहा. "बाबांचं वय बघा, त्यात चिमणी सोबत असणार. जितकी लहान तितकी सुरक्षित." मेकॅनिक: "ताई, या बोटीला वारा फार धरतो. छत म्हणजे शीडच की." ती: "वारा असला तर जाणारच नाहीत." सासरे: "म्हणजे आता वाऱ्याची परवानगी काढू?" सगळे हसले. दहाची बसवली.)

फोन पुन्हा लागतो.

"आई, आजोबा शिव्या देतायत."

"देऊ देत. जॅकेट घातलंयस ना?"

"घट्ट होतंय."

"असू दे घट्ट."

मेकॅनिक पळत येऊन शेजारी उभा राहतो. हात ग्रीसने काळे. त्याच्या स्वतःच्या बोटीचं इंजिन टेबलावर सुटं पडलंय. दुसरी बोट पलीकडच्या काठाहून निघालीय, पण वळसा मोठा आहे.

"स्पीकरवर टाका. काका, नांगर?"

"टाकला. खाली नुसता गाळ. धरतच नाही."

"मग छत पाडा. दोन्ही बाजूंच्या पिना ओढा."

"एक निघाली. दुसरी गंजून बसलीय. आणि चाक सोडलं की बोटीचं तोंड फिरतं! मला काय चार हात—"

तुटतो.

इथे सुनेने काय केलं ते यायला हवं.

काही नाही. पदर खोचला. सोडला. पुन्हा खोचला.

"पाटीवर लिहायला नको का, कमीत कमी किती हवी ते?"

"नसतं लिहिलेलं, ताई. जास्तीत जास्तच लिहितात." तो बांधाकडे बघत नाही. "मी जोर लावून सांगायला हवं होतं. पण गिऱ्हाईक म्हणतंय लहान द्या, तर मोठी घ्या म्हणणारा लुबाडणाराच वाटतो."

लागतो. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज, त्यात सासऱ्यांचा, पण तिच्याशी नाही:

"चिमणे, इकडे ये. हे चाक धर. दोन्ही हातांनी. आई दिसते?"

"हो."

"बोटीचं नाक आईवर ठेवायचं. बस्स. आई इकडे सरकलेली दिसली की चाक इकडे, तिकडे दिसली की चाक तिकडे. मी हे छत फाडून येतो."

"बाबा, नको! तिला नाही जमणार—"

तुटतो. या वेळी कायमचा.

सून धक्क्याच्या टोकाकडे धावायला पाऊल उचलते.

"ताई, थांबा! हलू नका. पोर तुमच्याकडे बघून चाक धरतेय."

ती पाऊल जिथल्या तिथे ठेवते. केस डोळ्यांत जातात, हात वर जाऊन परत खाली येतो. दूर निळं कापड एका बाजूने सुटतं, फडफडतं, पुन्हा ताणलं जातं. एक म्हातारा माणूस त्याच्याशी झटतोय. मग कापड उडून पाण्यात पडतं, आणि ओट्यावर चाकामागे छोट्या जॅकेटचा एक नारिंगी ठिपका उघडा पडतो.

"हलतेय," मेकॅनिक म्हणतो. "येतेय पुढे."

"खरंच?"

"वाटतंय तरी."

तिला नीट दिसत नाही. डोळे पुसायचे तर हात हलवावा लागेल. ती उभीच राहते, खांबासारखी, ठिपक्याकडे तोंड करून.