शेवाळाचा हौद

शेवाळापासून डिझेल होतं, हे मी गेली तीन वर्षं लोकांना सांगत आलेय. शेतकऱ्यांना सांगितलं, बँकवाल्यांना सांगितलं, खुद्द अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "शाहिस्ता, एवढं शिकून शेवाळ?" सांगून सांगून जीभ झिजली.

हे डिझेल देशभर काढायचं, म्हणून सरकारने आधी पाच ठिकाणी हौद बांधून पाहिले. त्यातला एक कसबा बावड्याच्या कडेला, माझा. गुरुवारी दिल्लीची समिती येणार होती. हौद हिरवागार दिसला तर पुढची पाच वर्षं मिळणार, नाहीतर काम बंद.

नेमका आमचा राखणदार कृष्णात तापाने पडला. त्याने आपल्या जागी गुंडूमामांना पाठवलं. मामांनी शिरोळकडच्या एका गावात तीस वर्षं ग्रामपंचायतीचं पाणी सोडलेलं. बुधवारी मी त्यांना एवढंच म्हणाले, "मामा, उद्या पावणं येणार हायत. हौदाकडं लक्ष असू द्या." हौदात काय वाढवतोय ते सांगायला हवं होतं. पण पुन्हा तेच पुराण लावायचा कंटाळा आला. खरंच, फार कंटाळा आला.

सकाळी जाऊन पाहिलं तर हौदाचा तळ दिसत होता.

"बघा की मॅडम!" मामा खुशीत होते. "किती घाण साचलीती! आख्खं पोतं टीसीएल, ती ब्लीचिंग पावडर, मारली, वर तुरटी फिरवली, तळाचा गाळ पंपानं भाईर काढला. पुरात सुदिक आमच्या गावात कुणाला जुलाब झालं न्हाईत, इचारा कुणालाबी."

मला रडू आलं नाही. चिडायलाही अंगात त्राण लागतं. फ्रीजमध्ये शेवाळाच्या बियाण्याची एक बाटली होती, पण तिच्यावरून हौद भरायला दोन महिने लागतात. समिती दोन तासांत येणार होती.

ती आली. मोठे साहेब वाकून बघत राहिले, मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "शेवाळ कुठं आहे?" मामा माझ्या शेजारीच, टोपी नीट करून उभे होते. "चूक माझी आहे," मीही इंग्रजीतच म्हणाले, "माझ्या हातून औषध जास्त पडलं." साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि चहाही न घेता निघाले.

गाडी वळल्यावर मामांनी विचारलं, "काय म्हणत हुतं पावणं? आवडलं का पाणी?"

"आवडलं की मामा," मी म्हणाले. "असा हौद देशात कुठं बघितला न्हाय म्हणाले."