पाठीवर शून्य, नाव तीन

रेनो मॅटिलाला यंत्रांची भीती कधीच वाटली नाही, भीती वाटायची ती घाईची. सतरा वर्षं त्यानं तांब्याच्या खाणीत वायरमन म्हणून काढली होती. तिथं घाई केलेल्यांच्या घरी दुखवट्याला तो स्वतः जाऊन आला होता. खाणी बंद पडल्यावर तो विद्यापीठाच्या भूगर्भ विभागात लागला, आणि गेली आठ वर्षं विभागातली युनिक्सवर चालणारी संगणक-यंत्रं त्याच्या हवाली होती. काम सावकाश करायचा, पण पक्कं करायचा. पोरं पाठीमागून चेष्टा करायची, म्हणायची, रेनो दिव्याचं बटण दाबायच्या आधीसुद्धा दोनदा वाकून बघतो.

त्या मंगळवारी सकाळी त्याच्यापुढे काम होतं ते एक नवी डिस्क जोडायचं. हे काम मार्लीस ट्रेवेनासाठी होतं. मार्लीस विभागात पीएचडी करत होती. हॅलोरन खाणीत छत पेलण्यासाठी दगडाचे खांब राखलेले होते. ते वरच्या डोंगराच्या भारानं किती दबतात, हे ती चार वर्षं मोजत होती. त्या खाणीत तिच्या आज्याचा, पणज्याचा घाम जिरला होता. दर आठवड्याला खाली उतरून ती खांबांवरच्या मापकांमधल्या कॅसेटी काढून आणायची, त्यातले आकडे यंत्रात उतरवायची आणि कॅसेटी पुसून पुन्हा लावायची. नव्या कॅसेटींना पैसे कुठले! गेल्या वसंतात मालकांनी पंप बंद केले आणि खाण पाण्यानं भरली. आता ते आकडे जगात एकाच ठिकाणी उरले होते, ते म्हणजे यंत्राच्या पोटातल्या जुन्या डिस्कवर. ती डिस्क तुडुंब भरली होती. प्रबंधाचा शेवटचा हिशेब चालवायला जागाच नव्हती.

"रेनो, मी तीन दिवस ग्रीन बे गावी बहिणीकडे जातेय," मार्लीस सोमवारी म्हणाली होती. "परत येईन तेव्हा मला मैदान मोकळं पाहिजे हं."

"मैदान काय, फुटबॉल खेळशील इतकी जागा देतो. जा तू."

आता विभागातल्या या यंत्रांची एक खोड सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आलं. बाहेरून जोडायच्या डिस्कच्या पेटीला पाठीमागे एक छोटं चाक असतं. ते फिरवून पेटीला नंबर द्यायचा. यंत्र त्या नंबरावरून डिस्कचं नाव ठरवतं. एकला एक, दोनला दोन, इथपर्यंत सरळ. पण कुणा शहाण्यानं कधीकाळी ठरवून ठेवलं होतं की तीन नंबराच्या डिस्कला यंत्र 'शून्य' म्हणेल आणि शून्य नंबराच्या डिस्कला 'तीन'. पोटातली डिस्क कारखान्यातूनच तीन नंबरावर यायची, म्हणजे तिचं नाव शून्य. विभागात नवं कुणी आलं की रेनो त्याला पहिल्या दिवशी हेच घोकायला लावायचा, "पाठीवर शून्य, तर नाव तीन. नाव शून्य, तर ती पोटात. म्हण!" पोरं हसत हसत म्हणायची.

नवी पेटी त्यानं टेबलावर ठेवली. एक आणि दोन हे नंबर आधीच्या पेट्यांनी अडवले होते, म्हणून चाक शून्यावर ठेवलं. केबल जोडली, शेवटचं बूच घट्ट केलं. आदल्या संध्याकाळी त्यानं जुन्या डिस्कची टेपवर नक्कलही करून ठेवली होती. मग यंत्र एकट्यानं काम करायच्या अवस्थेत चालू केलं. त्या अवस्थेत दुसरं कुणी आत येत नाही, आणि मार्लीसच्या आकड्यांचा कप्पाही उघडलेला नसतो. त्यामुळे त्या कप्प्याला कुणी हात लावला तरी यंत्र हूं की चूं करत नाही. आपण सुरक्षित काम करतोय असं त्याला वाटलं. खरं तर एकुलतं एक कुंपण त्यानं आपल्या हातानं काढून ठेवलं होतं.

नवी डिस्क आधी आखून घ्यावी लागते. त्याची कमांड अर्धी लिहून झाली आणि डिस्कचं नाव लिहायची वेळ आली. इथं दुसरा कुणी असता तर आठवणीतून 'तीन' लिहून मोकळा झाला असता. रेनो थांबला. खात्री करून घ्यावी म्हणून तो उठला, यंत्राच्या मागे गेला, चष्मा लावला, गुडघ्यावर बसून चाकाकडे नीट पाहिलं. शून्य. "शून्य," तो मोठ्यानं म्हणाला. शून्य, शून्य म्हणतच खुर्चीवर येऊन बसला, शून्य लिहिलं आणि कळ दाबली.

पडद्यावर आकड्यांच्या ओळी धावायला लागल्या. त्यानं कॉफीचा मग तोंडाला लावला. नवी डिस्क जुनीच्या अडीचपट मोठी होती, ओळी बराच वेळ धावायला हव्या होत्या. त्या थांबल्या. इतक्यात? त्यानं मग खाली ठेवला, कमांड पुन्हा वाचली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पोटातली डिस्क पुसली होती.

मग त्याला टेप आठवली आणि जीव भांड्यात पडला. टेप आहे की! दर शुक्रवारी न चुकता आपण नक्कल करतो, कालचीही आहे. त्यानं टेप यंत्रात सरकवली. यंत्र घरघरलं, थांबलं, आणि म्हणालं की टेपवर वाचण्यासारखं काही नाही. त्यानं गेल्या शुक्रवारची लावली, मग त्याआधीची. मग कपाट उघडून एकेक टेप काढत मागे मागे गेला. टेपच्या यंत्राचा लिहायचा भाग सव्वा वर्षापूर्वी कधीतरी बिघडला होता. यंत्र इमानदारीत "झालं" म्हणत होतं, आणि रेनो इमानदारीत टेपवर तारीख घालून ती कपाटात ठेवत होता. लिहिलेली टेप परत वाचून बघावी, हे दोनदा वाकून बघणाऱ्या या माणसाला सव्वा वर्षात एकदाही सुचलं नाही. जी शेवटची टेप वाचता आली, तिच्यावर खाणीच्या वरच्या तीन थरांचे आकडे होते. चौथा आणि पाचवा, ज्यांची मोजणी त्यानंतर सुरू झाली आणि ज्यांच्यावर मार्लीसचा सगळा प्रबंध उभा होता, ते कुठेच नव्हते.

बुधवारी त्यानं यंत्र बनवणाऱ्या कंपनीत फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. तो म्हणाला, "आकडे डिस्कवर असतील हो, पण कुठला तुकडा कुणाचा याची यादी तुम्ही पुसलीत." रेनोनं डिस्कमधून तुकडा तुकडा वर काढायला सुरुवात केली. आकडे खरोखरच निघाले, पानंच्या पानं. एखादा खांब दिवसाला केसभर खचताना स्पष्ट दिसत होता. पण तो कुठल्या थरावरचा, कितवा, कुठल्या महिन्यातला, हे सांगायला कुणी नव्हतं. बायकोनं बांधून दिलेली पास्टी, खिमा-बटाट्याची मोठी करंजी, बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस तशीच घरी परत गेली.

गुरुवारी मार्लीसचा मार्गदर्शक, प्रोफेसर गॉर्डन स्टाइल्स, येऊन दारात उभा राहिला. दोघं वीस वर्षं एकत्र बर्फात भोकं पाडून मासे धरणारे.

"काही निघतंय का?"

"निघतंय. उपयोगाचं काही नाही."

गॉर्डननं दार लोटून घेतलं. "हे बघ, डिस्का जातात. रोज कुठे ना कुठे जातात. पोटातली गेली, टेपचं यंत्र आधीच बिघडलेलं होतं, संपलं. टेपचं तर खरंच आहे. प्रबंधाच्या समितीला मी तसंच लिहून देतो, तिला वर्षभराची मुदत मिळवून देतो. तुझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, रेनो. उगाच कशाला गळ्यात धोंडा बांधून घेतोस?"

"आणि ती?"

"तिला काय फरक पडतो? गेलं ते गेलंच."

रेनो रात्रभर त्यावर विचार करत पडून राहिला. गॉर्डनचं म्हणणं चूक नव्हतं, हेच वाईट होतं. पण या पोरीला पहिल्यांदा खाणीत उतरवलं होतं ते त्यानंच. डोक्यावरचा दगड ठोकून त्याचा आवाज कसा ऐकायचा, हे त्यानंच शिकवलं होतं. तिचे वडील वारले तेव्हा ती आधी रेनोच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. तिच्याशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

शुक्रवारी सकाळी मार्लीस हसत आत आली आणि त्याचं तोंड बघून दारातच थबकली.

"काय झालं? कुणी गेलं का?"

"बस आधी," तो म्हणाला. ती बसली नाही. "तुझे आकडे गेले, मार्लीस. डिस्क बिघडली नाही. मी पुसली. नवी समजून जुनी पुसली."

"टेप..."

"टेप कोऱ्या आहेत. सव्वा वर्षाच्या. मी कधी तपासल्याच नाहीत."

"चौथा थर?"

"नाही."

"पाचव्याचं काहीतरी असेल. थोडं तरी?"

त्यानं मान हलवली. आकड्यांच्या कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे केला, सगळं समजावून सांगितलं, चाकाकडे वाकून बघितल्याचंही सांगितलं. तिनं वरचं पान घेतलं आणि त्या बिननावाच्या खांबाचे आकडे ओळीनं वाचत गेली. ती रडली नाही. पान जागच्या जागी, कडेला कड लावून ठेवलं.

"गॉर्डनला ठाऊक आहे?"

"आहे. तो म्हणत होता, डिस्क आपोआप गेली असं सांगू."

"मग सांगायचं होतंस ना तसं!" ती एकदम ओरडली. बाहेरच्या बोळातली पावलं थांबली. "सांगायचं होतंस, रेनो! शहाणपणा कुणी करायला सांगितला होता तुला? मी त्या मेल्या यंत्राला शिव्या घातल्या असत्या. आणि मग तुझ्याच स्वयंपाकघरात येऊन रडले असते. आता मी कुठे जाऊ?"

रेनोनं हात पुढे केला. ती एक पाऊल मागे सरकली, तेव्हा त्यानं तो परत घेतला.