यमुनाकाकूंची चिमूट

यमुनाकाकूंचे माझ्यावर जेवढे ऋण आहे, तेवढे दुसऱ्या कुणाचे नाही. त्यांची आठवण आली की चेहऱ्याच्या आधी बोटे दिसतात. गिरणीच्या तोंडाशी धरलेली, पिठाने पांढरी झालेली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये नुकते पडलेले ऊन पीठ, आणि डोळे मिटलेले. हिवाळ्याचे तिरपे ऊन दारातून आत आले की त्या पिठाच्या धुरळ्यात उभ्या दिसत आणि दगडाच्या घरघरीत त्यांचे बोलणे ओठांवरून ओळखावे लागे. पीठ चिमटीत फिरवून त्या दगड जवळ-दूर करायचे चाक किंचित आवळत, किंचित सैल करत. ज्वारी कुठल्या शेतातली, किती वाळलेली, हे त्यांना बोटे सांगत.

अकोल्यात त्यांच्या गिरणीमागच्या खोलीत राहून मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिला. परीक्षेच्या दिवसांत त्या दुपारी गिरणीचा पट्टा उतरवून ठेवत. डबे घेऊन उभे असलेले लोक कुरकुरत, आणि काकू शांतपणे म्हणत, "पोरगं शिकून राहिलं. भाकर घंटाभर उशिरा खाल्ली तं मरसान काय?" ती शांतता मी पुस्तकात डोके घालून ऐकली आहे. तिच्यातूनच पुढचे सगळे आले. अमरावतीतली प्राध्यापकी, स्वतःचे घर, आणि त्या घराच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरचे एस्प्रेसोचे यंत्र.

ते यंत्र मी हौसेने घेतले, पण कॉफी साधेना. दांड्याच्या वाटीत, म्हणजे पोर्टाफिल्टरमध्ये, चिखलदऱ्याची कॉफी दळून भरायची, दाबून सपाट करायची, यंत्रात अडकवून कळ दाबायची. पाणी भसकन खाली येई. कप भरे तो फिका, आंबट. तीन आठवडे मी व्हिडिओ पाहिले, काट्यावर पूड तोलली. कपामागून कप मोरीत गेले.

मागच्या कार्तिकात काकू भाचीच्या लग्नासाठी अमरावतीला आल्या आणि एक दिवस माझ्याकडे राहिल्या. सकाळी मी असाच एक कप ओतून देताना त्यांनी पाहिले. त्या उठल्या, वाटीतली पूड चिमटीत घेतली आणि डोळे मिटले.

"हे तं रवा हाय बाप्पा. पाणी पयून नाही जाईन तं काय करीन?"

दळायच्या यंत्राचा काटा त्यांनी एक घर बारीककडे सरकवला, नवी दळलेली पूड चाचपली, पुन्हा सरकवला. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आता लाव." आणि पोर्टाफिल्टरच्या चोचीतून पाकाच्या तारेसारखी, सावकाश, तांबूस धार उतरली. मी थक्क होऊन पाहत राहिलो. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि साखरेचा डबा मागितला.

दुपारी माझे सहकारी देशमुख सर आले. त्यांच्या बोलण्यात पुण्याची वर्षे आहेत आणि कॉफीतले त्यांना कळते. कप हातात घेऊन त्यांनी धारेचे, रंगाचे कौतुक केले. अखेर हे जमले कसे, असे विचारले. काकू खिडकीशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, व्हिडिओ पाहून पाहून शेवटी हात बसला. सरांची नजर खिडकीकडे गेली, तेव्हा त्यांनी विचारायच्या आत मी सांगून टाकले, "अकोल्याच्या आहेत. ओळखीच्या."

मेथीची काडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग काकू मान वर न करता म्हणाल्या, "त्याचा हात पयल्यापासूनच चांगला हाय, साहेब. आमाले काय समजते यातलं."

संध्याकाळच्या बसमध्ये त्यांना बसवून दिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला. तो सापडला असता तर मला बरे वाटले असते. खिडकीतून त्यांनी फक्त एवढेच सांगितले, की वेळेवर जेवत जा. मावळतीच्या पिवळ्या उजेडात बस निघून गेली.

फोन करता आला असता. पण फोनवरची माफी त्यांच्या एकटीच्या कानात राहिली असती, आणि मी खोटे तिसऱ्या माणसासमोर बोललो होतो. काकूंना वाचता येत नाही. गिरणीवर कागद आला की रांगेतला कुणीही तो वाचून दाखवतो आणि सगळे ऐकतात. म्हणून मी पत्र लिहिले, आणि कित्येक वर्षांत कागदावर न आणलेल्या आमच्या बोलीत लिहिले.

"काकू, साष्टांग नमस्कार. जो हे वाचून राहिला, त्यानं मोठ्यानं वाचावं. त्या दिवशी साहेबानं इचारलं तवा मी खोटं बोललो. ते कॉफीचं दळण तुमच्या बोटांनं जमलं होतं. तुमी नुसत्या ओळखीच्या नाही, तुमच्याच घरात राहून मी शिकलो. मले लाज वाटते. तुमी मले झाकाले खोटं बोलल्या, त्याची त्याहून जास्त वाटते. दिवस निघून जातात, माणसं बी निघून जातात. पण जे येळेवर बोललो नाही, ते त्याच जागी बसून रायते, आपली वाट पाहत."