घोषणेखालचं गाणं

मित्रांनो, मी एक कॅसेट आहे, आणि तीही जुनी. हल्ली आपली ओळख करून द्यायची म्हणजे मला एक व्यापच होऊन बसला आहे, पण सांगते. माझ्या पोटात दोन चकऱ्यांवर गुंडाळलेली लांबच लांब तपकिरी फीत आहे. आवाज राहतो तो त्या फितीवर. पाठीच्या कडेला, दोन्ही कोपऱ्यांत, नखाएवढ्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडून टाकल्या की तिथे भोकं पडतात आणि माझ्यावर दुसरं काही रेकॉर्ड करता येत नाही. या पट्ट्या तेवढ्या लक्षात ठेवा, माझी सगळी कर्मकथा तिथूनच सुरू होते.

एके काळी तिघांचा एक बँड होता. जुनी लोकगीतं आणि स्वतःची नवी गाणी ते गिटारवर म्हणायचे. पुढे उभा राहून गाणारा देखणा होता, आणि टाळ्या त्यालाच मिळायच्या. मागे स्टुलावर बसून गाणाऱ्याला सगळे मुका म्हणायचे, कारण गाणं संपलं की तो चकार शब्द बोलायचा नाही. निम्म्याहून जास्त गाणी या मुक्याने लिहिलेली होती, हे कोणाच्या गावीही नव्हतं. पुढे बँड फुटला. देखणा मोठा माणूस झाला आणि मुका गिटार घेऊन घरी आला.

मग त्याने एकट्याने दहा गाणी केली. माझा जन्म त्यातला. पहिल्या गाण्यात त्याची बायकोही गायली. ती काही गाणारी नव्हती, एका कचेरीत टायपिंग करायची. पण हे गाणं दोघांनी मिळून गायचं होतं आणि दुसरं कोणी येईना. गाणं संपताच तिने मोठ्याने विचारलं, "झालं का?" मशीन अजून चालूच होतं. भाड्याच्या खोलीची वेळ संपत आली होती, पुन्हा गाणार कधी? ते दोन शब्द तसेच राहिले.

आम्ही एकूण तीनशे जणी. आमच्यावरची लेबलं तिने स्वतः लिहिली, खाली घरचा पत्ता घातला आणि लिहिलं, 'पत्र जरूर पाठवा.' मग केसातली पिन काढून एकेकीच्या पट्ट्या मोडत बसली. "आता कोणाची बिशाद आहे पुसायची," असं म्हणाली होती ती. मी स्वतः ऐकलं आहे.

ओळखीपाळखीत वीस-पंचवीस जणी गेल्या. एका वर्तमानपत्राने आमच्यावर चार ओळी छापल्या, त्यातल्या तीन देखण्याबद्दल होत्या. पत्र एकही आलं नाही. बाकीच्या आम्ही खोक्यांत, पलंगाखाली. मुका पाट्या रंगवायला लागला. गिटार कपाटावर गेली आणि तिथेच राहिली.

एकदा तो चार मजली कापडाच्या दुकानाची पाटी रंगवायला गेला होता. तिथल्या मॅनेजरला सूचना रेकॉर्ड करायला कोऱ्या कॅसेट हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुक्याने आमची खोकी त्याच्यापुढे आणून ठेवली. "भोकांवर चिकटपट्टी लावा," तो म्हणाला, "म्हणजे कोऱ्याच समजा." जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता येत नाही.

दुकानात घोषणा करणारी एक बाई होती. तिला सगळे घोषणाताई म्हणायचे. तिने मला उचललं, माझ्या लेबलावर पांढरा स्टिकर चिकटवला, भोकांवर चिकटपट्टी लावली आणि वाचायला सुरुवात केली. "दुकान लवकरच बंद होत आहे. कृपया खरेदी आटोपती घ्या. छत्र्या, पिशव्या विसरू नका. लहान मुलांचे हात धरा. धन्यवाद." हेच तिने सावकाश, मध्ये थांबत, तीनदा वाचलं आणि मशीन बंद केलं. पुसताना दुखत नाही, मित्रांनो. काल जे येत होतं ते आज येत नाही, एवढंच. मला मात्र त्या दिवशी रडावंसं वाटलं.

पुढची अकरा वर्षं मी रोज दुकान बंद केलं. मॅनेजर घोषणाताईंचं कौतुक करायचा, किती स्वच्छ आवाज म्हणून. तिसऱ्या 'धन्यवाद'वर त्यांचं बोट बटणावर पडायचं, एक दिवस चुकलं नाही.

मग दुकानात कॉम्प्युटर आला. माझ्या शेवटच्या दिवशी तो बसवणारा माणूस घोषणाताईंना काहीतरी समजावत होता आणि त्या नादात त्यांचं बोट राहून गेलं. 'धन्यवाद' झालं, एक तार कुठेतरी थरथरत थांबली आणि चारही मजल्यांवर बाईचा आवाज आला, "झालं का?"

जिन्यावरचं एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "हो हो, निघतोच आहे."

त्यामागोमाग दुसरं गाणं सुरू झालं. घोषणाताईंचा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्या बँडची सगळी गाणी भांडी घासताना त्यांनी म्हटली होती. हा आवाज ओळखीचा होता, पण नेहमी मागून येणारा. आज तो एकटाच होता.

त्यांनी मला पर्समध्ये टाकून घरी नेलं. उरलेली नऊ गाणी ऐकता ऐकता त्यांची भाजी करपली. "इतकी वर्षं हा माणूस कुठे होता?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी काय सांगणार? तो माझ्याच पोटात होता. मग त्यांनी नखाने स्टिकर खरवडला, खालचा पत्ता वाचला आणि पत्र टाकलं. आम्हाला आलेलं ते पहिलं पत्र.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'पहिलं गाणं शाबूत आहे का? त्यात माझी बायको गायली आहे. ती आता नाही. तिचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठलाच नाही.'

दुसऱ्या दिवशी घोषणाताईंनी दुकानाचं गोदाम पालथं घातलं. माझ्या बहिणी केव्हाच भंगारात गेल्या होत्या. देखण्याच्या ऑफिसात फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, "असं काही आमच्याकडे नाही." शेवटी मला आणि टेपरेकॉर्डरला पिशवीत घालून त्या म्हाताऱ्या झालेल्या मुक्याच्या घरी गेल्या. दार उघडल्या उघडल्याच त्यांनी सांगून टाकलं.

"काका, पहिलं गाणं नाही हो राहिलं. मीच पुसलंय."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "भोकांवर चिकटपट्टी लावलीत?"

"हो."

"मीच सांगितलं होतं तसं." तो रंगाच्या डब्यांमधून वाट काढत खुर्चीपर्यंत गेला. "घरात दिवसभर बोलत असायची हो. कॅसेट जपून ठेवावी, असं कधी मनातच आलं नाही. बसा. लावा तरी."

त्यांनी मला लावलं. आपला स्वतःचा आवाज सुरू झाला तशी घोषणाताईंनी मान खाली घातली. खरेदी आटोपती घ्या. छत्र्या, पिशव्या विसरू नका. त्याने ते तीनदा, गुडघ्यांवर हात ठेवून, शेवटपर्यंत ऐकलं. धन्यवाद. तार थरथरली.

"झालं का?"

म्हातारा खुर्चीतून अर्धवट उठला. हे दोन शब्द फितीवर आहेत, हे तो साफ विसरला होता. "थांब गं," तो म्हणाला, "अजून नऊ आहेत." आणि मग मटकन खाली बसला.

आता मी त्याच्याकडेच असते. टेपरेकॉर्डरही घोषणाताईंनी तिथेच ठेवला आहे. त्या रविवारी येतात, ती नऊ गाणी ऐकून वहीत उतरवून घेतात, ओळखीच्या लोकांना ऐकवतात. पहिल्या गाण्याचे शब्द त्या विचारतात, पण त्याला एकच ओळ आठवते आणि तिच्यापुढे काही येत नाही.

मित्रांनो, मागे बसून गाणाऱ्याचा आवाजही ऐकत जा. आणि कोणाच्या भोकांवर चिकटपट्टी लावण्याआधी ती फीत एकदा शेवटपर्यंत ऐका. फार वेळ लागत नाही. माझं पुसलेलं गाणं चार मिनिटांचंच होतं.

त्याला आता नीट दिसत नाही, ती जागा नेमकी सापडत नाही, म्हणून तो मला सुरुवातीपासून लावतो. रोज संध्याकाळी ते चार मजली दुकान त्या एका खोलीत तीनदा बंद होतं. मग ती विचारते, तो उत्तर देतो. उरलेली नऊ गाणी तो ऐकत नाही. बटण दाबतो आणि मला पुन्हा मागे फिरवतो. त्या जागी माझी फीत आता विरत चालली आहे. हे त्याला कसं सांगू?