दुसरा जिना

भंडाऱ्यात सात मजली इमारत उभी करताना भैय्यालालने मुलीचं सगळं ऐकलं, पण दुसरा जिना काही त्याच्या घशाखाली उतरला नाही. आंधळगावात धानाच्या अडतीवर आयुष्य गेलेला माणूस. रिकामी जागा दिसली की त्याला तिथे माल दिसायचा. नकाशा मुलीचा, रिताचा होता. आर्किटेक्ट झाल्यावरचं तिचं हे पहिलं मोठं काम.

"लिफ्ट आहे, एक जिना आहे. अजून एक कायले?"

"त्या जिन्यात धूर भरला तर लोकं कुठून उतरतीन, बाबा? याच्याशिवाय मंजुरीच नाही."

जिना झाला. धूर अडवणारे, आपोआप मिटणारे जड दरवाजे लागले. धानाची मळणी आटोपली तेव्हा अग्निशमन अधिकाऱ्यांची शेवटची तपासणी तेवढी उरली होती. ती झाली की राहायची परवानगी, आणि लगेच नत्थूचा गृहप्रवेश. नत्थू हा भैय्यालालचा चुलतभाऊ. पहिला फ्लॅट त्याने घेतला होता. तारीख भैय्यालालच्याच शब्दावर ठरली होती आणि पत्रिका मोहाडीपर्यंत वाटून झाल्या होत्या.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी पंप सुरू करून पाहिला, टाकी पाहिली. वरच्या मजल्यावर पाणी जोरात आलं. भैय्यालाल चहा सांगायला वळला, तोच ते म्हणाले, "आता दुसऱ्या जिन्याने उतरू."

"त्याची किल्ली मिस्त्रीजवळ आहे, साहेब."

"त्याले कुलूपच नाही, बाबा," रिता म्हणाली आणि तिने दरवाजा ढकलला. तो वीतभर उघडला आणि अडला.

फटीतून धानाचे कट्टे, भरलेली पोती दिसली. पायऱ्यांवर, वळणावर, थप्पीवर थप्पी. नत्थूचं वर्षभराचं खायचं धान. नव्या घरात माणसाआधी धान गेलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. आणि फ्लॅटमध्ये ठेवलं तर नवी फरशी खराब होते, ही त्याच्या बायकोची तक्रार. मधला मार्ग भैय्यालालने काढला होता.

अधिकारी शांत होते. "संध्याकाळपर्यंत मोकळा करा. मी येऊन पाहतो, मग सही करतो."

"आत्ता माणसं बोलावतो, साहेब."

"संध्याकाळी मोकळा दिसेल, सर," रिता म्हणाली. "सही झाली की पुन्हा भरेल. मी यांना ओळखते, माझे वडील आहेत. तळमजल्यावर मी धानासाठी खोली काढली होती, बाहेरून दार असलेली. तिथे यांनी ऑफिस थाटलंय. ती खोली धानाला मिळेपर्यंत मंजुरी देऊ नका."

"पोरी, नत्थूची तारीख आहे," भैय्यालाल हळूच म्हणाला.

"मालूम आहे. पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला."

अधिकाऱ्यांनी त्रुटी लिहिली. गृहप्रवेश पुढे ढकलला गेला. नत्थूने फोन उचलणं सोडलं, आणि भैय्यालालने मुलीशी बोलणं.

कट्टे उतरवायला हमाल आले तेव्हा भैय्यालाल रागारागाने जिन्यात उभा राहिला. मध्येच वीज गेली. अंधारात खालून चढणारा आणि वरून कट्टा घेऊन उतरणारा एकमेकांसमोर अडकले. दोघांनाही मागे सरता येईना. वरचा ओरडला, "कोणी तरी बाजूले व्हा ना बाप्पा." बाजूच नव्हती. भैय्यालाल भिंतीला चिकटून उभा राहिला. धड माणसं होती, हातीपायी धड, आणि आग नव्हती. तरी कोणालाच उतरता येत नव्हतं.

वीज आल्यावर तो खाली गेला आणि स्वतःचं टेबल ऑफिसबाहेर ओढू लागला.

दुसऱ्या तपासणीत अधिकारी सातव्या मजल्यावरून खालपर्यंत न थांबता उतरले आणि सही केली.

गृहप्रवेशाला पाहुण्यांनी घर भरलं. नत्थूचा राग अजून उतरला नव्हता. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काहून भाऊ, तुह्याच पोट्टीनं तुही इमारत नापास केली म्हणते?"

"केली ना. साहेब एका दिवसात पास करून राहिले होते. हिनं नाही करू देल्लं."

"अन् तू हे सांगून राहिला?"

"मंग? साहेबाले सारे भेतात. साहेबाले थांबवणारी पोट्टी तुह्या घरी आहे काय?"

पंगत बसत होती. भैय्यालालने ती उठवली. नव्या लुगड्यातल्या बाया, फेटेवाले म्हातारे, खुद्द नत्थू, सगळ्यांना त्याने जड दरवाजातून दुसऱ्या जिन्यात नेलं. "जेवण मंग," तो म्हणाला. "आधी आमच्या रिताचा जिना पाहा. तिघं तिघं बरोबरीनं उतरा, कोणाले कोणाचा धक्का लागत नाही."